इंटरनेट ही पाणी-विजेसारखी परवडणारी सरकारी सेवा असावी का?

हो, असावी. पण "सरकारी" या शब्दावर तुमचं-माझं एकमत होईलच असं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रश्नाच्या खाली तुम्ही लिहिलंय की इंटरनेट म्हणजे शेवटी करमणूक, लोकांच्या रील्ससाठी करदात्यांनी पैसे का मोजायचे. हे आमच्या अण्णांना वाचून दाखवायला हवं. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ७१. गाव भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या पाण्यालगत. भात आणि वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनीत थोडी नाचणी. रील वगैरे त्यांच्या गावीही नाही. तरी दर खरिपात त्यांना इंटरनेट लागतं, कारण २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. पूर्वी तलाठी भाऊसाहेब पीकपेरा लिहायचे, तोही पुष्कळदा चावडीत बसून अंदाजपंचे. ते दिवस काही सोन्याचे नव्हते. आता शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभं राहून मोबाइलवर फोटो काढायचा आणि माहिती वर पाठवायची. नोंद करायची राहून गेली तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही, आणि सातबाऱ्यावर पीक नसलं की नुकसानभरपाईपासून हमीभावाच्या खरेदीपर्यंत सगळीकडे खेटे.

आमच्या खाचरात रेंज नाही. तिथून पाऊण किलोमीटरवर, खिंडीत, एक सपाट कातळ आहे. त्यावर उभं राहिलं की दोन काड्या येतात. गावातली पोरं त्या कातळाला "ऑफिस" म्हणतात. मागच्या श्रावणात अण्णा एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला फोन घेऊन सलग तीन दिवस ऑफिसला गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नोंद चढली.

रेशन दुकानात ई-पॉस मशिनवर अंगठा, रोजगार हमीच्या कामावर मोबाइलवरून हजेरी (२०२३ च्या जानेवारीपासून सक्तीची), लाडक्या बहिणीची ई-केवायसी. यातलं काहीही लोकांनी हौसेने मागितलेलं नव्हतं. जी वाट सरकारने सक्तीची केली, ती चालण्याजोगी ठेवणंही सरकारकडेच येतं. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

आता परवडण्याचं. २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला हे खरंच. पण जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. जिओचाच २०९ चा प्लॅन २४९ वर गेला. शिवाय तो २८ दिवसांचा महिना! वर्षाचे महिने १२ आणि रिचार्ज १३. पुण्यात पगारावर जगणाऱ्या मला ते जाणवत नाही. घरात तीन फोन आणि हातात पैसा भात विकल्यावरच, अशा घराला जाणवतं.

मग सरकारनेच कंपनी काढून घरोघर इंटरनेट द्यावं का? इथे मी बिचकतो. आमच्या ग्रामपंचायतीत सरकारी फायबर, म्हणजे इंटरनेटची केबल, येऊन बरीच वर्षं झाली. कपाटाशेजारी राखाडी पेटी आहे, तिच्यावर मागच्या १५ ऑगस्टच्या पताका ठेवलेल्या असतात. आत एकही दिवा लागत नाही. रस्ता रुंद करताना जेसीबीने केबल तोडली आणि ती जोडायची कुणी, हे कुणालाच ठाऊक नाही. सरपंच म्हणतात तालुक्याला सांगितलंय. तालुका म्हणतो ठेकेदार बदलला.

याउलट वीज गेली तर काय होतं बघा. गावातल्या शेंबड्या पोरालाही वायरमनचा नंबर पाठ असतो. तो येतो, शिव्या खातो, चहा पितो, खांबावर चढतो. कधी दोन दिवस लावतो, पण माणूस कोण हे माहीत असतं. इंटरनेटला वायरमन नाही. केबल टाकल्याचं उद्घाटन होतं, जोडल्याचं होत नाही. ग्रामपंचायतींपर्यंत अशी केबल नेणारी केंद्राची भारतनेट योजना २०११ पासून चालू आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या नव्या आवृत्तीसाठी केंद्राने जवळपास १ लाख ३९ हजार कोटी मंजूर केले आणि त्यात १० वर्षांच्या देखभालीची सोय ठेवली. मला सगळ्यात जास्त आशा त्या देखभालीच्या कलमाची वाटते. केरळने के-फोन या आपल्या सरकारी इंटरनेट योजनेची केबल वीज मंडळाच्या खांबांवरूनच ओढली, हेही शहाणपणाचं. मात्र घोषणा २० लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणीची होती, आणि जून २०२३ मध्ये उद्घाटन झालं तेव्हा पहिल्या टप्प्यात होती १४,००० घरं.

फिनलंडची वाट मला जास्त पटते. तिथे २०१० मध्ये किमान १ एमबीपीएस वेगाची इंटरनेट जोडणी मिळणं हा नागरिकाचा कायदेशीर हक्क झाला. सरकारने तारा ओढल्या नाहीत आणि फुकटही काही दिलं नाही. वाजवी दरात जोडणी द्यायचं बंधन कंपन्यांवर घातलं. आपल्याकडे त्यासाठी पैसाही आहे. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातले ५ टक्के, म्हणजे तुमच्या-माझ्या रिचार्जमधलेच, खेड्यांतल्या सेवेसाठी वेगळ्या निधीत जातात. या निधीचं नाव आता डिजिटल भारत निधी झालंय. त्यातली मोठी रक्कम वर्षानुवर्षं नुसती पडून राहिली.

"सरकारच्या हातात गेलं की सरकार बंदही करेल" ही भीती तुम्ही घातली आहे. ते आजही होतंच, खासगी कंपन्यांना आदेश देऊन. जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बेमुदत इंटरनेटबंदी चालणार नाही आणि बंदीचे आदेश जाहीर करावे लागतील, असं सांगितलं. कायद्याने अत्यावश्यक सेवा म्हटलं तर निदान पाणी तोडल्यावर विचारतो तसा जाब तरी विचारता येईल.

आणि फुकट द्या असं अण्णांचंही म्हणणं नाही. विजेचं बिल ते मुदतीच्या आत भरतात, पावत्या दिनदर्शिकेच्या मागे खोचून ठेवतात. मी त्यांना तुमचा प्रश्न फोनवर सांगितला. म्हणाले, "पैशाचं राहू दे, पण बंद पडलं तर फोन कुणाला करायचा ते विचार." म्हणजे एवढं बोलणं झालं, मग आवाज तुटला.