शाखेच्या बातमीपत्रात सभा-सत्कारांखेरीज काय छापावं?

वीज कामगार संघटनेच्या शाखेचं मासिक बातमीपत्र तुमच्याकडे आलंय. सभेचा वृत्तान्त, हारतुरे, नव्या पदाधिकाऱ्यांचे फोटो असं सगळं छापूनही ते कोणी वाचत नाही, ही तुमची अडचण. माझं उत्तर आधीच सांगतो : पहिल्या पानावर थोडक्यात टळलेला एक अपघात छापा, दर महिन्याला एक. बाकीचं सगळं त्याच्या मागे.

माणूस दगावला की चौकशी होते, अहवाल होतो, परिपत्रक फिरतं. पण ज्याचा हात तारेपासून वीतभर अलीकडे थांबला, तो संध्याकाळी घरी जातो आणि ती गोष्ट त्याच्या गँगपुरती राहते. शेजारच्या सेक्शनला तोच धोका नव्याने भेटतो. असली गोष्ट वरिष्ठांना सांगायची तर मेमोची भीती असते, शाखेला सांगताना ती नसते. वीज कामगारांच्या संघटना जन्मल्या त्यामागे जिवाच्या धोक्याचा हाही प्रश्न होता. १८९१ साली अमेरिकेत सेंट लुइसला १० प्रतिनिधींनी वीज कामगारांची राष्ट्रीय संघटना उभारली आणि १८९३ पासून तिचं मासिकही निघू लागलं. तिचा पहिला अध्यक्ष हेन्री मिलर स्वतः लाइनमन होता. १८९६ मध्ये तो कामावर असताना शॉक लागून खांबावरून पडला आणि त्यातच गेला.

आता लिहायचं कसं, ते. ‘निष्काळजीपणामुळे दुर्घटना’, ‘सुरक्षा साधनांचा वापर करा’ ही वाक्यं काढून टाका. त्यातून कोणालाच काही कळत नाही. वाचणाऱ्याला हवं असतं ते असं : लाइन कुठल्या दाबाची (किती व्होल्टची), काम काय होतं, माणसं किती, लाइन मृत (वीज नसलेली) आहे असं कशावरून मानलं, प्रत्यक्षात वीज कुठून आली, आणि वाचवलं कशाने. ही सहा उत्तरं मिळाली की मजकूर दीडशे शब्दांत बसतो.

नमुना म्हणून उलट्या पुरवठ्याचा, म्हणजे ग्राहकाकडून लाइनमध्ये वीज येण्याचा प्रसंग घ्या. ११ केव्हीचा (११ हजार व्होल्टचा) फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी लाइन बंद, एबी स्विच (लाइन तोडणारा खांबावरचा स्विच) उघडा, परमिट (काम करण्याची लेखी परवानगी) हातात, आणि तरीही टेस्टर वाजला. कारण पलीकडच्या एका डीपीवर (ट्रान्सफॉर्मरच्या ठाण्यावर) ग्राहकाने चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) न लावता जनरेटर थेट घरच्या वायरिंगला जोडला होता आणि डीपीचे एलटी (कमी दाबाच्या बाजूचे) फ्यूज कोणी काढले नव्हते. इथे थांबून आकडा द्या, कारण वाचणाऱ्याला तोच पटतो. ११ केव्ही आणि ४३३ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर दाब खाली आणतो सुमारे २५ पट, पण खालून वीज आली तर तोच ट्रान्सफॉर्मर दाब चढवतो. त्या एलटीवर बाकीचा भार नसेल, तर एका फेजवर आलेल्या २३० व्होल्टचे एचटी (उच्च दाबाच्या) बाजूला १० हजारांच्या आसपास होतात, कारण ४३३ व्होल्ट दोन फेजमधले असतात आणि एका फेजचा हिशेब सुमारे ४४ पटींचा होतो. भार जास्त असेल तर छोटा जनरेटर बहुधा लगेच बंद पडतो, म्हणून हा प्रकार रोज घडत नाही. रोज घडत नाही म्हणूनच लोक बेसावध राहतात. छपरावरच्या सौर यंत्रणेचा प्रमाणित इन्व्हर्टर लाइन गेल्यावर दोनेक सेकंदांत स्वतः बंद होतो. जनरेटरला असली काही अक्कल नसते.

त्याच्याखाली ‘काय तपासायचं’ अशी चौकट द्या, आणि तिच्यात प्रत्येक पायरीचं कारण लिहा. एबी स्विचचं हँडल खाली आलं म्हणजे पुरवठा तुटला असं नाही. तिन्ही ब्लेड उघडी झालेली खालून डोळ्यांनी पाहायची, कारण एखादं ब्लेड अडकून राहतं. मग हँडलला कुलूप, आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. टेस्टर आधी चालू असलेल्या लाइनवर लावून पाहायचा, मग आपल्या लाइनवर, मग पुन्हा चालू लाइनवर. शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात, पण मधल्या वेळेत टेस्टरची बॅटरी गेली असेल तर ते तिथेच कळतं. डिस्चार्ज रॉडचं (बंद तार जमिनीशी जोडणारा, म्हणजे अर्थिंगचा रॉड) जमिनीकडचं टोक आधी पक्कं करायचं, मग तारेवर हुक. काढताना नेमकं उलट : आधी तार, शेवटी जमीन. क्रम चुकला तर लोंबकळणारी वायर हातात असतानाच तिच्यात दाब येतो. तिन्ही फेजना रॉड लागले पाहिजेत, एलटीवर न्यूट्रललासुद्धा, आणि कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला लावलेला रॉड दुसरीकडचा जम्पर (दोन तारा जोडणारा तुकडा) काढला की निरुपयोगी होतो. शेजारून समांतर चालू लाइन जात असेल तर पुरवठा तोडलेल्या तारेतही प्रेरित दाब राहतो. लांब केबलमध्ये पुरवठा तोडल्यावरही साठलेला विद्युतभार असतो.

एक गोष्ट ठळक छापा, माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची आहे. परमिट ज्याने घेतलं त्यानेच ते परत करायचं, आणि लाइन त्यानंतरच चालू करायची. ‘चार वाजता चालू करून टाका’ असं तोंडी ठरवणं म्हणजे वर चढलेल्या माणसाचा जीव घड्याळाला बांधणं. एकाच खांबावर दोन सर्किट असतील तर फीडरच्या नावासोबत खांब क्रमांकही परमिटवर हवा. चुकीचा फीडर बंद होतो तो इथेच.

हातमोज्यांबद्दलही तसंच. ‘मोजे घाला’ लिहिण्याऐवजी क्लास लिहा : क्लास ० एक हजार व्होल्टपर्यंत, क्लास २ सतरा हजारांपर्यंत. वरून चामड्याचे मोजे हवेत, नाहीतर तारेचं बारीक टोक रबराला भोक पाडतं. दर वापराआधी कफ गुंडाळून आत हवा कोंडायची आणि बोटं कानाजवळ आणून हवा सुटतेय का ते ऐकायचं. दर सहा महिन्यांनी विद्युत चाचणी, आणि तिची तारीख मोज्यावर. कुठल्या सेक्शनच्या मोज्यांची चाचणी कधीपासून राहिली आहे हे बातमीपत्रात नुसतं छापलंत तरी पुढच्या बैठकीत तो विषय आपोआप निघतो. फक्त मोजे आहेत म्हणून अर्थिंग टाळण्याची मुभा मिळते, असा अर्थ मजकुरातून निघू देऊ नका.

सांगणाऱ्याचं नाव कधीच छापू नका. सेक्शन आणि तारीखही गाळा, मात्र धोका अजून जागेवरच असेल तर फीडर आणि खांब क्रमांक द्यावाच लागतो. तो छापून यायची वाट न बघता त्याच दिवशी लेखी कळवा. चौकशी किंवा नुकसानभरपाईचा दावा चालू असेल तर मजकूर आधी दावा पाहणाऱ्या पदाधिकाऱ्याला दाखवा, कारण एका घाईच्या वाक्यावर कुटुंबाचा हक्क अडू शकतो. जखमी माणसाचा फोटो नको.

उपक्रमांच्या बातम्यांतही हीच कसोटी लावा. ‘प्रथमोपचार शिबिर उत्साहात संपन्न’ यापेक्षा किती जणांनी डमीवर प्रत्यक्ष छाती दाबून पाहिली ते लिहा, आणि सोबत कृतीही छापा : आधी पुरवठा तोडायचा, मग माणसाला हात लावायचा, श्वास नसेल तर मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब, ३० दाबांनंतर २ श्वास. हृदय थांबल्यावर काहीच न केलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते, म्हणून खांबावरून खाली उतरवण्याचा सराव वेगळा घ्यावा आणि त्याला लागलेला वेळ मोजून छापावा.

बाकीचं थोडक्यात. मागण्यांसाठी एक तक्ता ठेवा : मागणी, कोणाला दिली, तारीख, उत्तर, पुढची तारीख. उत्तर आलं नसेल तर तो रकाना रिकामाच छापा. कल्याण निधीची सुरुवातीची शिल्लक, जमा, खर्च आणि अखेरची शिल्लक दर अंकात द्या. शिकाऊ कामगारांच्या परीक्षेच्या आणि अर्जाच्या तारखा किमान तीन आठवडे आधी याव्यात. सभेच्या वृत्तान्तात भाषणं नकोत, ठराव आणि पडलेली मतं द्या.

दोन पानांच्या वर जाऊ नका. एक प्रत उपकेंद्रात परमिटच्या वहीशेजारी लावा, कारण काम सुरू करण्याआधी माणूस तिथेच थांबतो. आणि कंत्राटी कामगार सभासद नसले तरी त्यांच्या हातात अंक द्याच. खांबावर तेही चढतात, आणि प्रशिक्षण बहुधा त्यांनाच सगळ्यात कमी मिळालेलं असतं.