जहाज आलं नाही त्या आठवड्याचं शेत

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आई-वडील, भाऊ आणि तू मिळून दोन एकरांवर सेंद्रिय शेती करायची आणि बेटावरच्याच घरांना भाजी, फळं, कंद पुरवायचे, हा बेत मला मनापासून आवडला. सुरुवात कोणत्या पिकापासून करू, असं विचारलंस. पिकांचं सांगते, पण त्याआधी एक काम कर. वहीचं एक पान घे आणि जहाजातून उतरून तुमच्या शेतात काय काय जाणार आहे ते सगळं लिहून काढ. बियाणं, पेंड, खताच्या गोण्या, कोंबड्यांचं खाद्य, ठिबकच्या नळ्या, पंपाचं डिझेल, भाजी भरायच्या पिशव्या, सगळं. मग प्रत्येक ओळीपुढे लिही, हे सहा आठवडे आलं नाही तर काय होईल.

मी हे पान पहिल्यांदा लिहिलं तेव्हा बेटावर शेती करायला लागून अकरा वर्षं झाली होती. रसायनाचा थेंब आमच्या शेतात पडत नव्हता, त्याचा मला अभिमान होता. पान भरलं आणि कळलं की शेताचा अर्धा कस दर पंधरवड्याला बंदरावर उतरत होता. गोणीवर सेंद्रिय लिहिलेलं असलं तरी ती बाहेरून आलेली गोणीच. बेटावरच्या शेताला मी तेव्हापासून हीच एक कसोटी लावते, आणि तुलाही तीच लाव: जहाज चुकलं तर आपल्यावर विसंबलेल्या घरांच्या ताटात आपण काय वाढू शकतो?

आता मातीकडे येऊ, कारण सगळं तिथंच अडतं. उष्ण कटिबंधात ऊब बाराही महिने असते आणि पावसाळ्यात ओलही भरपूर, त्यामुळे सेंद्रिय पदार्थ फार भराभर कुजून संपतो. थंड देशात वर्षभर टिकणारं आच्छादन तुझ्याकडे काही आठवड्यांत मातीत विरून जाईल. म्हणून वर्षातून एकदा भरपूर खत टाकण्यापेक्षा थोडं थोडं, सतत घालत राहा. जमीन एक दिवसही उघडी ठेवू नकोस. बांधावर गिरीपुष्प (ग्लिरिसिडिया) लाव. छाटलं की पुन्हा फुटतं, आणि त्याचा पाला नत्राने भरलेला असतो. रिकाम्या वाफ्यात हिरवळीच्या खताचा ताग पेर आणि फुलोरा येण्याच्या सुमारास कापून तिथंच पसर. तागामुळे मुळांना गाठी आणणारे काही सूत्रकृमी, म्हणजे मातीतले अगदी बारीक जंतही दबतात, त्यामुळे टोमॅटो-वांग्याआधी तो घेतलेला उत्तम.

तुझं बेट प्रवाळाचं आहे की ज्वालामुखीचं, हे पत्रात लिहिलं नाहीस. दोन्हींचं दुखणं वेगळं असतं. प्रवाळाची वाळू चुनखडीची. तिच्यात लोह असलं तरी पिकाला मिळत नाही, मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पालाशही (पोटॅश) कमीच असतं. तिथं कंपोस्टला पर्याय नाही, आणि किनाऱ्यावर वाहून आलेलं समुद्री शेवाळ पावसात धुऊन ढिगात घातलं तर पालाश मिळतं. ज्वालामुखीची माती दिसायला काळीभोर आणि भुसभुशीत, पण अनेकदा ती स्फुरद (फॉस्फरस) घट्ट धरून ठेवते, पिकाला मिळू देत नाही. एकदा माती तपासून घे. पहिल्या वर्षी यासाठी खर्च झालेला पैसा वाया जात नाही.

ढिगाबद्दल एक धोक्याची सूचना, जी मुख्य भूमीवरचं मार्गदर्शन वाचून मिळत नाही. नारळावरचा गेंडा भुंगा कुजणाऱ्या ढिगात आणि पडलेल्या नारळाच्या खोडांत अंडी घालतो. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर तो २००७ मध्ये सापडला आणि नंतर तिथल्या माडांची वाताहत झाली. म्हणजे तुझा खताचा ढीग हाच शेजाऱ्याच्या माडांचा वैरी ठरू शकतो. ढीग वरचेवर उलटा कर. जाड पांढऱ्या अळ्या दिसल्या की कोंबड्या सोड, त्या एकही ठेवत नाहीत. ढिगावर मासेमारीचं बारीक जाळं पसरलं तर ये-जा करणारे भुंगे त्यात अडकतात. सडकं खोड महिनोन् महिने पडू देऊ नकोस. आणि दुसऱ्या बेटावरून खत, माती, केळीचे मुनवे कधीही आणू नकोस, कोणी कितीही प्रेमाने दिले तरी. केळीचा पर्णगुच्छ रोग अशाच प्रेमाने दिलेल्या मुनव्यांतून पसरतो आणि मग मावा तो बागभर नेतो.

गेल्या काही वर्षांतला सगळ्यात मोठा धडा एका बेटानेच दिला. श्रीलंकेने २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. भाताचं उत्पादन कोसळलं, चहालाही फटका बसला आणि नोव्हेंबरपर्यंत निर्णय फिरवावा लागला. सेंद्रिय शेती हरली, असा अर्थ काढणारे पुष्कळ भेटतील. मला त्यात दिसतं ते एवढंच की एका देशाला पुरेल इतकं खत, बियाणं आणि शिकलेले हात काही महिन्यांत उभे राहत नाहीत. दोन एकरांनाही हेच लागू आहे. आधी ढीग, मग वाफा. कंपोस्ट तयार होईपर्यंत ढीग निम्म्याहूनही खाली बसतो, त्यामुळे सुरुवातीला वाटतं त्याच्या दुप्पट-तिप्पट पालापाचोळा गोळा करावा लागेल. पहिल्या वर्षी पाव जमीन घे. उरलेल्या जमिनीवर फक्त खताची झाडं आणि ताग राहू दे. वडिलांना ही जमीन पडीक वाटेल. त्यांना रागावू नकोस, सोबत घेऊन माती उकरून दाखव.

पाण्याबाबत मी जी चूक केली ती तू करू नयेस म्हणून लिहिते. सखल बेटाच्या पोटात गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्राचं पाणी जेमतेम अडीच टक्के जड, तेवढ्याच फरकावर हा सारा तोल उभा आहे. हिशोब असा की समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी एक मीटर असेल तर खाली साधारण ४० मीटर असतं. उलट बाजूने बघ: उपसून वरची पातळी एक वीत खाली नेलीस की खालचं खारं पाणी ४० विती वर सरकू पाहतं. आम्ही एका कोरड्या हंगामात मोठा पंप बसवून रात्रंदिवस पाणी ओढलं. घेवड्याच्या पानांच्या कडा करपायला लागल्या तेव्हा मी रोग समजून पाहत राहिले. विहीर पुन्हा गोड व्हायला दोन पावसाळे लागले, आणि त्या काळात शेजारच्या तीन घरांचंही पिण्याचं पाणी गेलं. ते मला अजून टोचतं. छोटा पंप, थोडा वेळ, छपराचं पाणी टाकीत, आणि क्षार मोजायचं साधं मीटर. दर आठवड्याला आकडा लिही.

आता पिकं. लोकांना पालेभाजी आणि टोमॅटो दिसतो, पण घर जगतं ते कंदांवर. रताळं, अळू, कोनफळ, टॅपिओका (साबुदाण्याचा कंद) यांना शेताचा निम्मा भाग दे, आणि कडेला नीरफणस लाव. वादळात उभं पीक जातं, मातीतलं बरंचसं राहतं. पोर्तो रिकोवर २० सप्टेंबर २०१७ ला मारिया वादळ आलं तेव्हा सरकारी अंदाजानुसार सुमारे ८० टक्के पीक गेलं, आणि ते बेट आधीच बहुतेक अन्न बाहेरून आणत होतं. वादळाची सूचना आली की टॅपिओकाचे शेंडे आणि केळीची पानं छाट. वारा अडत नाही, झाड उभं राहण्याची आशा वाढते.

पण एकाच वाणाच्या मागे लागू नकोस. प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवर अळू हे मुख्य अन्न आणि निर्यातीचं पीकही. बहुतेक शेतांत एकच आवडता वाण. १९९३ मध्ये पानांवरचा करपा आला आणि वर्षभरात अळू जवळजवळ नाहीसं झालं. पुढे इतर बेटांवरच्या वाणांशी संकर करून प्रतिकारक वाण तयार झाले, तेव्हा कुठे ते पीक परतलं. इतरांनी जुने वाण जपले होते म्हणून हे जमलं. तुझ्या बेटावरच्या म्हाताऱ्या बायकांकडे जा. प्रत्येकीच्या परसात एखादा तरी वेगळा कंद असेल. नाव, चव, किती महिन्यांत येतो, सगळं लिहून घे, बेणं माग आणि पुढच्या वर्षी दुप्पट परत कर.

बियाण्याला दमट हवा मारते. बियांतली ओल एका टक्क्याने कमी झाली की आयुष्य साधारण दुप्पट होतं, तापमान पाच अंशांनी उतरलं तरी तसंच. सावलीत वाळव, घट्ट झाकणाच्या बरणीत भाजलेले, कोरडे तांदूळ तळाशी घालून ठेव.

विक्रीचं थोडक्यात. पहाटे, उजाडायच्या आत तोडणी. नऊ वाजता तोडलेली पालेभाजी दुपारी विकण्यासारखी राहत नाही. हॉटेलं चांगला भाव देतात, पण २०२० मध्ये पर्यटक थांबले तेव्हा हॉटेलांच्या भरवशावर लावलेला माल कुणाला द्यायचा हे कित्येकांना कळेना. एक तृतीयांशापेक्षा जास्त माल त्यांच्याकडे जाऊ देऊ नकोस. वीस-पंचवीस घरं ठरव, दर आठवड्याला एक टोपली, पैसे महिन्याच्या सुरुवातीला. टोपलीत काय असेल ते शेत ठरवेल, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांग. आणि टोपली कधीही चुकवू नकोस. माल कमी असला तर कमी ने, कारण सांग, पण दारात जा.

प्रमाणपत्राची घाई नको. इथे गिऱ्हाईक शेतात येऊन बघू शकतं. पुढे गरज पडली तर शेतकऱ्यांनी एकमेकांची शेतं तपासायची सहभागी हमी पद्धत आहे, ती लहान कुटुंबाला परवडते. अंदमान-निकोबारमधल्या कार निकोबार आणि नानकवरी बेटसमूहातली १४,४९१ हेक्टर जमीन तर २०२१ मध्ये एकत्रच सेंद्रिय म्हणून प्रमाणित झाली, कारण तिथं रसायनं पोचलीच नव्हती.

शेवटची गोष्ट घरातली आहे, आणि ती तुझ्या पत्रात नव्हती. आईचं नाव तू मदत करणाऱ्यांत लिहिलं आहेस. रोपवाटिका ती सांभाळणार, बियाणं ती राखणार, टोपल्या ती भरणार. मग तिच्या नावाने वहीत रोजची मजुरी लिही, आणि भावाच्याही. हातात देता आली नाही तरी देणं म्हणून लिही. शेत चालतंय असं वाटतं आणि प्रत्यक्षात ते घरच्यांच्या फुकट कष्टांवर तरलेलं असतं, हे मी फार घरांत पाहिलं. बेटावरून मुलं निघून जातात ती बहुधा मातीला कंटाळून नाही, तर आपल्या नावावर कधी काही लिहिलं गेलं नाही म्हणून.

जहाजाचं ते पान भरलं की मला पाठव. सोबत विहिरीच्या क्षारांचे चार आठवड्यांचे आकडे आणि माती कोणती आहे तेही कळव. अळूचे वाण किती मिळाले ते ऐकायला मी आतुर आहे.

तुझी,
मावशी