अंदाज म्हणजे किती

प्रिय मनू,

परवा रात्री तू ग्लासगोहून फोन केलास आणि मी सांगितल्याप्रमाणे केलेल्या आमटीची लापशी झाली, वर तिला साबणासारखी चव आली, असे सांगितलेस, तेव्हा मला आधी हसूच आले. त्यानंतर तू जे विचारलेस त्याने मात्र ते हसू जागीच विरले. "आपण आमटीत सोडा का घालतो? आणि दर वेळी 'अंदाजाने घाल' असेच का म्हणतेस? तुला माप माहीत नाही, की मला सांगायचे नाही?" मी विषय बदलला, हे तुझ्याही लक्षात आले असेल. म्हणून हे पत्र. वाचताना कुठे अडलीस तर बाबांना विचार. मला विचारलेस तर मी आणखी चार गोष्टी सांगत बसेन.

आधी सोड्याचे. आमटीत सोडा घालण्याची पद्धत मराठी नाही, ती आपल्या लंडनच्या नळाची आहे. मिरजेला आजी तूरडाळीत हळद, हिंग आणि तेलाचा थेंब याखेरीज काही घालत नसे. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा पहिले तीन महिने डाळ शिजतच नसे. सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा बोटाखाली टणक लागे, आणि मी कुकरला, डाळीला आणि शेवटी स्वतःला दोष देऊन मोकळी होत असे. शेजारच्या गुजराती मासींनी एके दिवशी सहज सांगितले की इथले पाणी जड आहे, चिमूटभर सोडा घालत जा. लंडनचे पाणी चुनखडीच्या प्रदेशातून येते, त्यातल्या कॅल्शियममुळे डाळ घट्ट राहते आणि सोडा ती पकड सैल करतो, हे मला पुष्कळ नंतर समजले. आपल्या किटलीच्या तळाशी जो पांढरा थर बसतो तो त्याचाच. तुमच्या ग्लासगोला 1859 पासून लॉख कॅट्रिन या तळ्याचे पाणी येते आणि ते अगदी हलके आहे. तुझी किटली आतून बघ, स्वच्छ असेल. तिथे सोडा घालून सहा शिट्ट्या केल्यावर डाळीने दुसरे काय करायचे? डाळ अर्धा तास भिजव, एका वाटीला तीन वाट्या पाणी घाल, तीन शिट्ट्या कर आणि सोड्याची पुडी कपाट पुसायला ठेव. चिंच किंवा आमसूल मात्र डाळ शिजून घोटल्यावरच घालायचे, कारण आंबट पाण्यातही डाळ शिजायला कुरकुर करते.

तर मी तुला 'आपली पद्धत' म्हणून जे शिकवले ते निम्मे मिरजेचे आणि निम्मे मासींचे होते, आणि कोणते कुठले हे मीच विसरले होते.

आता अंदाजाचे. तुला आजीचे स्वयंपाकघर आठवते ते ओटा झाल्यानंतरचे. माझ्या लहानपणी चूल गेली होती, पण रॉकेलचा स्टोव्ह होता आणि आजी त्याच्यापुढे पाटावर बसून स्वयंपाक करी. लोखंडी पळीत तेल तापले की ती मोहरीचा एकच दाणा टाकून थांबत असे. तो दाणा तळाशी गप्प बसला तर थांबायचे आणि लगेच वर येऊन फुटला तर बाकीची मोहरी घालायची. तडतड थांबत आली की जिरे, मग हिंग, कढीपत्ता, आणि पळी स्टोव्हवरून उचलल्यानंतर हळद, कारण हळद करपायला क्षणही लागत नाही. मी शेजारी उभी राहून "किती तेल?" असे विचारले की ती म्हणे, "बघ की." ती मला डोळ्यांनी शिकवत होती, असे आज मी तिच्या बाजूने म्हणू शकते. पण खरे सांगायचे तर तेव्हा मला त्या दोन शब्दांचा राग येत असे. मोठ्या काकूंनाही ती तसेच सांगे, आणि त्यांची आमटी बिघडली की "हाताला चव लागते" हे ऐकवायला मोकळी. भाऊमामाला तर तिने कधी 'बघ' असेही म्हटले नाही. माप न सांगण्यात शिकवणे किती होते आणि स्वयंपाकघर आपल्या हाती ठेवणे किती, हे मला अजूनही ठरवता आलेले नाही.

शिवाय मराठीत मापे नव्हतीच असेही नाही. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' 1970 साली आले, आणि त्यात वाटी-चमच्याची मापे स्वच्छ दिलेली आहेत. माझ्या बॅगेत ते होतेच. मीच ते उघडत नव्हते, कारण पुस्तक बघून आमटी करणे मला कमीपणाचे वाटे.

तुझ्या फोननंतर मी एक उद्योग केला. केकसाठी आणलेला काटा ओट्यावर ठेवला आणि तीन दिवस आमटीसाठी मीठ चार बोटांत उचलले की आधी काट्यावरच्या वाटीत टाकले. आठ ग्रॅम, नऊ ग्रॅम, पुन्हा आठ. म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा. माप मला माहीत होते, मनू, फक्त ते मला माहीत आहे हे माहीत नव्हते. एक वाटी डाळीच्या आमटीला एवढे मीठ, लिंबाएवढा नव्हे तर सुपारीएवढा गूळ (तो बारा ग्रॅम भरला), चार आमसुले आणि एक चमचा गोडा मसाला. आमटी दाट झाली तर आधणाचे पाणी घाल, गार नको. पालेभाजीत मात्र मीठ भाजी बसल्यावरच घाल, कारण कढईभर दिसणारी मेथी शिजून मूठभर होते. तिथे माझाही अंदाज चुकतो.

तुझ्या इंडक्शन शेगडीबद्दल मला आजीकडून काहीच देता येत नाही. ती पातळ भांडे फार झपाट्याने तापवते, म्हणून जाड बुडाची छोटी कढई घे, आच मध्यम ठेव, आणि फोडणीपूर्वी खिडकी उघड, म्हणजे मागच्यासारखा धुराचा गजर वाजून अख्खी इमारत रात्री खाली रस्त्यावर उभी राहणार नाही. मोहरीच्या त्या एका दाण्याचा उपयोग मात्र या शेगडीवरही होईल असे वाटते.

रोज आमटी कर असे मी म्हणत नाही. पास्ता केलास तरी मला चालते. मसाला आणि आमसुले पाठवली आहेत. मी एक वही केली आहे आणि तिच्यात डावीकडे लंडन, उजवीकडे ग्लासगो असे रकाने आखले आहेत. डाळ तीन शिट्ट्यांना शिजली की चार लागल्या, तेवढे कळव.

तुझी आई