सासूबाईंचं सायगाव: जुना पत्ता, नवे रस्ते

प्रश्न: माझा नवरा व्हिएतनामी वंशाचा. सासूबाई सायगावात लहानाच्या मोठ्या झाल्या आणि 1979 साली बोटीने देशाबाहेर पडल्या. आता सत्तरीला आल्यात; जानेवारीत त्यांना घेऊन पहिल्यांदाच तिकडे जातोय. त्यांच्याजवळ जुना पत्ता आहे, ‘120/14/6, हिएन वुओंग रस्ता’. त्यांच्या आजोबांची कबर ‘माक दिन ची’ नावाच्या दफनभूमीत होती. नकाशावर दोन्ही सापडत नाहीत. त्या दोघांचे पासपोर्ट अमेरिकी, माझा भारतीय. काय तयारी करावी?
— एक वाचक, सॅन होजे

उत्तर: 1975 मध्ये युद्ध संपून कम्युनिस्ट सत्ता आली, त्यानंतर सायगावातल्या, म्हणजे आजच्या हो ची मिन्ह सिटीतल्या, बऱ्याच रस्त्यांची नावं बदलली. हिएन वुओंगचा आता वो थी साऊ रस्ता झालाय. तू यो, म्हणजे ‘स्वातंत्र्य’, या रस्त्याला डोंग खोई म्हणजे ‘उठाव’ हे नाव मिळालं. ‘उठाव झाला नि स्वातंत्र्य गेलं’ हा सायगावकरांचा टोमणा त्यावरूनच आला. सासूबाईंना बहुधा पाठ असेल.

पत्त्यातला आकडा डावीकडून वाचायचा. मुख्य रस्त्यावर 120 नंबरपाशी गल्ली आत वळते, तिला ‘हेम’ म्हणतात. त्या गल्लीत 14 नंबरपाशी पोटगल्ली फुटते आणि तिच्यातलं 6 नंबरचं घर आपलं. टॅक्सी पहिल्या तोंडाशीच सोडेल, पुढे चालावं लागेल. घरांचे नंबरही मधल्या काळात बदललेले असू शकतात, म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबू नका. निघण्यापूर्वी सासूबाईंकडून कागदावर गल्लीचा नकाशा काढून घ्या: शाळा कुठे, बाजार कुठे, वळण कोणत्या हाताला. गुलाबी तान दिन चर्च आणि तान दिन बाजार जवळच आहेत, अजून जागेवर आहेत. तिथे उतरून चालायला लागा आणि सासूबाईंना पुढे राहू द्या. 1 जुलै 2025 पासून ‘क्वान’ ही जिल्ह्याची पातळीच रद्द झाली. जुन्या पत्त्यातला क्वान सरकारी कागदावर दिसणार नाही, पण लोकांच्या तोंडी अजून तोच आहे.

घर सापडलं तरी सगळ्यांनी एकदम दारात उभं राहू नका. देश सोडून गेलेल्यांची बरीच घरं सरकारने ताब्यात घेतली होती, आणि अशी घरं परत मागता येणार नाहीत असा ठराव तिथल्या राष्ट्रीय सभेने 2003 मध्ये केला. तरी दारात परदेशी पाहुणे दिसले की आतल्यांच्या मनात पाल चुकचुकतेच. सासूबाई आणि त्यांचा मुलगा, दोघांनीच पुढे व्हावं आणि पहिल्याच वाक्यात ‘फक्त बघायला आलोय’ असं सांगावं. हातात फळांची पिशवी असू द्या. फोटो विचारल्याशिवाय नको. सकाळी आठ ते दहा ही वेळ बरी. दुपारी जेवणानंतर लोक आडवे होतात.

कबरीबद्दल मात्र मनाची तयारी इथूनच करून न्या. माक दिन ची दफनभूमी 1983 मध्ये हटवली. आज तिथे ले वान ताम उद्यान आहे, तेही वो थी साऊ रस्त्यालगतच. कुटुंबीयांनी नेले नाहीत ते अवशेष दहन केले गेले. मागे राहिलेल्या नातेवाइकांपैकी कोणी अस्थी पॅगोडात ठेवल्या का, हे आधी विचारा. नाम की खोई न्गिया रस्त्यावरच्या विन न्गिएम पॅगोडात अस्थिकलशांसाठी वेगळा मनोरा आहे. शोधायला पूर्ण नाव, बौद्ध दीक्षेचं नाव आणि चांद्र पंचांगानुसार मृत्यूची तिथी लागेल. इंग्रजी तारखेवर तिथे काम अडतं. उदबत्त्या विषम लावतात, एक किंवा तीन.

व्हिसाचं सोपं आहे. परदेशस्थ व्हिएतनामींना आणि त्यांच्या जोडीदाराला जास्तीत जास्त पाच वर्षांचं व्हिसामाफीचं प्रमाणपत्र मिळतं. एका वेळी 180 दिवसांपर्यंत राहता येतं. तुम्हीही लग्नाच्या दाखल्यावर त्यात बसता. पासपोर्टची मुदत किमान वर्षभर उरलेली हवी. एवढी धावपळ नको असेल तर 90 दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा घ्या: एकदा प्रवेशाला 25 डॉलर, अनेकदा प्रवेशाला 50. अर्ज अडतो तो नावावर. पासपोर्टच्या तळाशी बाणांच्या खुणांमध्ये छापलेल्या ओळीत जसं आहे तसंच लिहा, मधलं नाव गाळू नका. नातेवाइकांकडे मुक्काम असेल तर यजमानांनी 12 तासांच्या आत तुमची नोंद स्थानिक पोलिसांकडे करायची असते. हॉटेलवाले ती स्वतःच करतात.

जानेवारी कोरडा असतो, फक्त तेत कधी आहे ते बघून तिकिटं काढा. हा चांद्र नववर्षाचा सण जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत येतो. आधीच्या आठवड्यात गाड्या भरलेल्या, नंतर दुकानं बंद.

20 हजार आणि 5 लाख डोंगच्या नोटा दोन्ही निळ्या. संध्याकाळच्या उजेडात हमखास गल्लत होते, त्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. रस्ता ओलांडताना सासूबाईंचा हात धरून एकाच संथ चालीने चला. दुचाक्या तुमच्या चालीचा अंदाज घेऊन वळसा घालतात. मध्येच मागे फिरलात की तो अंदाज चुकतो.

सासूबाईंचे शब्द 1979 चे आहेत. विमानतळाला त्या ‘फी त्रुओंग’ म्हणतील, तिथली पोरं ‘सान बाय’ म्हणतात. पोरं हसली तरी त्यांना दुरुस्त करायला जाऊ नका, सगळ्यांना कळतं. तुम्ही शाकाहारी असाल तर ‘आन चाय’ म्हणा. नुसत्या ‘भाज्या’ मागितल्यात तर त्यातही मासळीचा सॉस पडतो.