फुगलेल्या हातमोज्याचं दार

प्रिय,

तुझा अंतराळयानाच्या हॅचचा, म्हणजे दाराचा, आराखडा पाहिला. काम नेटकं आहे. पण आणीबाणीत ओढायची पिन दोन बोटांच्या चिमटीत धरायची ठेवली आहेस, तिथे मी अडलो.

हवा भरलेला स्पेससूट अंगातल्या माणसाचं ऐकत नाही. अमेरिकी सूटमधला दाब वातावरणाच्या 0.3 पट, रशियन ऑर्लानमध्ये 0.4 पट. किरकोळ वाटतो ना? मलाही वाटला होता, निर्वात पेटीतल्या हातमोज्यात पहिल्यांदा हात घालेपर्यंत. मूठ वळावी, तर मोजा ती उघडायला बघतो. पाच मिनिटांत मनगट भरून आलं आणि समोरचा साधा बोल्ट काही हाती लागेना.

18 मार्च 1965 रोजी सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव यानाबाहेर जेमतेम 12 मिनिटं होते. तेवढ्यात सूट असा फुगला की बोटं हातमोज्यांतून आणि पावलं बुटांतून सुटली. त्यांनी सूटमधला दाब स्वतःच उतरवला, ठरल्याप्रमाणे पायांकडून न जाता डोक्याकडून एअरलॉकमध्ये, म्हणजे आत-बाहेर करताना हवा काढायच्या-भरायच्या कप्प्यात, शिरले, आणि मग हॅच लावण्यासाठी त्या अरुंद नळीत कसेबसे उलटे फिरले. तुझ्या चित्रातला माणूस सरळ आत सरकतो. त्याला उलटं फिरायची वेळ आली तर?

आता दार आत उघडावं की बाहेर, हा जुना वाद. 1967मध्ये अपोलो 1 या अमेरिकी यानाच्या जमिनीवरच्या चाचणीत आग लागली. हॅच आत उघडणारं होतं, आगीने आतला दाब वाढला आणि ते हलेना. आतले तिन्ही अंतराळवीर दगावले. म्हणून तू बाहेर उघडणारं घेतलंस, ठीक. पण 1990मध्ये सोव्हिएत मीर अंतराळस्थानकाच्या क्वांत-2 या भागाचं हॅच बाहेरच उघडायचं. आतली हवा पुरती निघण्याआधीच ते सोडलं गेलं आणि बिजागरी वाकली. गणित करून बघ: एक मीटर व्यासाच्या हॅचवर वातावरणाच्या शंभराव्या भागाइतका दाब उरला, तरी सुमारे 80 किलोचा रेटा बसतो. बाहेरचं काम करून परतल्यावर ते दार बसेना. सोलोव्योव आणि बालांदिन हे दोघे अंतराळवीर शेजारच्या कप्प्यात गेले, तो एअरलॉकसारखा वापरला आणि वाचले. तुझ्या आराखड्यात असा दुसरा कप्पा मला दिसला नाही.

आणखी एक. 2013मध्ये यानाबाहेर काम करताना अंतराळवीर लुका पार्मितानो यांच्या हेल्मेटमध्ये पाणी साचलं. दिसेनासं झालं, तेव्हा सुरक्षादोरीच्या ओढीवरून ते चाचपडत एअरलॉकपर्यंत आले. तुझ्या हॅचच्या मुठीवरची लाल खूण छान आहे, पण अशा वेळी ती कोण बघणार? शिवाय बेशुद्ध जोडीदाराला ओढत आणायचं असेल तर एकच हात मोकळा.

पुढची चाचणी अशीच घे: डोळ्यांवर पट्टी, फुगलेला मोजा, एकच हात. किती वेळ लागला ते कळव. हॅचची मूठ सापडलीच नाही, तर तेही लिही.

तुझा,
सर