उद्रेकात मॅग्मा बदलतो की येणारा माल?

हवाईतल्या किलाउआ ज्वालामुखीचे २०१८ चे व्हिडिओ पाहून तुम्ही विचारलंय की आधी गोळ्यागोळ्यांनी थुंकल्यासारखा येणारा लाव्हा महिन्याभरात नदीसारखा कसा वाहू लागला, आणि मॅग्माचं, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकाचं, रसायन इतक्या लवकर बदलतं का. माझं उत्तर: त्या महिन्यात मॅग्मा फारसा बदललाच नाही. नंतर वर आला तो वेगळा मॅग्मा होता.

गावाहून परतल्यावर नळ सोडला की आधी पाइपात अडकलेलं तांबूस पाणी येतं, टाकीतलं मागाहून. तसंच हे. ३ मे २०१८ ला लेलानी एस्टेट्स या वस्तीत जमीन फाटली. पहिल्या भेगांतला बेसॉल्ट तुलनेने थंड होता, साधारण ११०० अंश सेल्सिअसचा, आणि चिकट. याच पट्ट्यात १९५५ मध्ये उद्रेक झाला होता. तेव्हा बाहेर न पडलेला रस सहा दशकं जमिनीखाली निवत पडला असावा, असं त्याच्या रसायनावरून दिसतं. शिखराकडून नवा मॅग्मा घुसला आणि त्याने आधी हा शिळा माल बाहेर ढकलला.

शिळा म्हणजे कसा? खडीसाखर करताना दोऱ्यावर खडे धरतात आणि मागे उरलेला पाक मूळ पाकासारखा राहत नाही, हे ज्यांनी घरी केलंय त्यांना ठाऊक असेल. मॅग्मा निवताना ऑलिव्हिनचे स्फटिक सर्वात आधी मॅग्नेशियम उचलतात, मग पायरॉक्सिन आणि फेल्डस्पार ही खनिजं आपापला वाटा घेतात. उरलेल्या रसात सिलिका (वाळूत असते तीच) आणि पाणी वाढत जातं. सिलिका वाढली की रस दाट होतो, आणि दाट रसातून वायू सहजी सुटत नाहीत, म्हणून तो फुटतो, उडतो. १७ व्या भेगेतून तर चक्क अँडेसाइट, म्हणजे बेसॉल्टपेक्षा जास्त सिलिकेचा लाव्हा, आला. किलाउआच्या नोंदींत इतकी सिलिका असलेला लाव्हा त्याआधी नव्हता.

मेअखेरीस ८ व्या भेगेने जोर धरला. हा शिखराखालचा ताजा माल, ११४० अंशांच्या आसपास. तो सुमारे १३ किलोमीटर धावत समुद्राला मिळाला आणि कापोहोचा उपसागर बुजवून बसला. मला यातलं सर्वात आवडतं ते हे, की हिलोच्या विद्यापीठात नमुने लगोलग तपासले जात होते. मॅग्नेशियम चढताना दिसलं तेव्हाच कळलं की आता येणारा लाव्हा जास्त पातळ असेल, वेगाने पसरेल.

इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीची गोष्ट पाइपाची नाही, रांजणाची. इ.स. ७९ मध्ये पाँपेई शहरावर आधी पांढरा प्युमिस (फेसाळ मॅग्मा थिजून झालेला हलका दगड) पडला, त्यावर करडा. मॅग्माच्या कोठीत हलका, सिलिका जास्त असलेला रस वर होता, तो आधी उपसला गेला. म्हणजे जमिनीवर तो थर उलटा रचला गेला: कोठीतलं वरचं तळाला.

आणि आइसलँडचा फाग्रादाल्सफ्याल ज्वालामुखी या दोन्हींत बसत नाही. १९ मार्च २०२१ ला सुरू झालेल्या त्या उद्रेकात मॅग्मा थेट पृथ्वीच्या कवचाच्या तळाजवळून, १५ किलोमीटरच्या आसपासच्या खोलीवरून येत होता. पहिल्या काही आठवड्यांतच त्याचं रसायन बदललं, कारण प्रावरणाच्या (कवचाखालच्या थराच्या) उथळ भागात वितळलेल्या रसाची जागा आणखी खोलवरच्या रसाने घेतली. इथे शिळं काहीच नव्हतं. मूळ झराच बदलला.

आता कुणीतरी सह्याद्रीचं विचारणार, म्हणून आधीच सांगतो. आपल्याकडेही लाव्ह्याच्या थराथरांत रसायन बदलतं: बुशे नावाच्या थरांत कवचातल्या खडकाची भेसळ भरपूर, तर त्यांच्यावरच्या आंबेनळी नावाच्या थरांत अगदी कमी. पण ते असंख्य वेगवेगळ्या उद्रेकांचे थर आहेत, मध्ये प्रचंड काळ गेलाय. नळाचा दृष्टान्त कृपया तिथे लावू नका.