एकाच कळपातील एक गाय हिवाळी केस लवकर टाकते, दुसरी उशिरा. हा गुण आनुवंशिक असतो का?

अमेरिकेच्या मिसूरी राज्यातील आपल्या कळपात चारा-पाणी एकच असूनही अँगस या मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या जातीची एक गाय मे महिन्याच्या मध्यापर्यंत तुकतुकीत होते आणि दुसरी जूनमध्येही झिपरी राहते, हा रक्ताचा गुण की संगोपनाचा, असे आपण विचारले आहे. पशुपैदास हाच माझा अभ्यासविषय असल्यामुळे नि:शंकपणे सांगतो की यात दोन्हींचा हात आहे, आणि रक्ताचा वाटाही बराच आहे. अमेरिकेतील अँगस गायींच्या नोंदींवरून या गुणाची आनुवंशिकता साधारण ०.३५ ते ०.४० निघते, म्हणजे सारख्या परिस्थितीतील जनावरांमध्ये जो फरक दिसतो, त्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग जनुकांमुळे असतो. निवडीने कळप सुधारण्यास एवढे प्रमाण पुरेसे आहे.

केस गळण्याची वेळ ऊन नव्हे, तर प्रामुख्याने दिनमान ठरवते. दिवस लांबू लागले की अंधारात स्रवणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाचा स्राव घटतो, प्रोलॅक्टिन हे दुसरे संप्रेरक वाढते आणि केसांच्या मुळांशी नवी वाढ सुरू होऊन जुना केस बाहेर ढकलला जातो. हा संदेश किती लवकर आणि किती जोरकसपणे पोहोचतो, यात अनेक जनुकांचा थोडाथोडा सहभाग असतो. कॅरिबियन समुद्रातील सेंट क्रॉई बेटावरील सेनेपोल जातीच्या गायींच्या जन्मजात आखूड केसांची गोष्ट मात्र निराळी. तेथे प्रोलॅक्टिनच्या ग्राहकाच्या, म्हणजे त्याचा संदेश पेशीत घेणाऱ्या प्रथिनाच्या, एकाच जनुकात बदल झालेला आहे आणि त्या बदललेल्या जनुकाची आई किंवा बापाकडून आलेली एक प्रतही पुरते. आपल्या झिपऱ्या गायीत तो शोधण्यात अर्थ नाही.

मिसूरीत आणखी एक गोष्ट आवर्जून तपासावी, ती म्हणजे कुरण. ‘केंटकी ३१’ या फेस्क्यू गवतात राहणारी बुरशी जी अल्कलॉइडे, म्हणजे विषारी रसायने, तयार करते, ती प्रोलॅक्टिन दाबून टाकतात, आणि म्हणून असे गवत खाणारी जनावरे भर उन्हाळ्यातही हिवाळी अंगरखा घालून धापा टाकत सावलीत उभी दिसतात. तरीही त्याच कुरणावर काही गायी वेळेवर केस टाकतात, आणि पैदाशीच्या दृष्टीने मला त्याच अधिक मोलाच्या वाटतात.

निवड करायची असेल, तर कळपात सर्वाधिक फरक दिसतो त्या सुमारास, म्हणजे बहुधा मेमध्ये, सर्व जनावरांना एकाच दिवशी १ ते ५ गुण द्यावेत: ५ म्हणजे पूर्ण हिवाळी केस, १ म्हणजे पूर्ण गुळगुळीत अंग. केस मानेपासून आणि पाठीच्या कण्यावरून सुटू लागतात, तर पोटाखालचे व मांड्यांच्या खालच्या बाजूचे शेवटी जातात. त्यामुळे केवळ पोटाखाली झुपके राहिलेल्या गायीला २ गुण द्यावेत. कालवडी आणि पहिलारू गायी मुळातच उशिरा केस टाकतात, म्हणून त्यांची तुलना प्रौढ गायींशी न करता समवयस्कांशीच करावी. आपली झिपरी गाय पहिलारू असेल, तर तिला काढून टाकण्यापूर्वी पुढील वर्षाचा गुण अवश्य पाहावा. प्रौढ असून सलग दोन वर्षे मागेच राहिली, तर निदान तिच्या कालवडी पैदाशीसाठी ठेवू नयेत.